दंड भरला म्हणजे सुटला?

‘पर्यावरण कायद्यातली कैद काढली, आता कारखानदारांना रान मोकळं.’ २०२४ पासून हे वाक्य सर्रास ऐकू येतं. त्यात अर्धंच तथ्य आहे. जनविश्वास कायद्यामुळे १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद जाऊन १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दिवाणी दंड आला. आधी काय होतं? पाच वर्षांपर्यंत कैद कागदावर होती, पण दंडाची कमाल मर्यादा एक लाखाची. शिवाय फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागे आणि तारखांवर तारखा पडत. आता केंद्रातला सहसचिव किंवा राज्यातला सचिव दर्जाचा अधिकारी चौकशी करून दंड ठोठावू शकतो. तुरुंगही पुरता गेलेला नाही. ९० दिवसांत दंड भरला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंडाच्या दुपटीपर्यंत रक्कम किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरा समज यापेक्षा चिवट आहे: पैसे टाकले की प्रदूषणाचा परवाना मिळाला. तसं नाही. दंड भरला तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्लोजर नोटीस (कारखाना बंद करण्याची) देण्याचा, कारखान्याचं वीज-पाणी तोडायला लावण्याचा अधिकार शाबूत राहतो. आणि नुकसानीची भरपाई दंडाहून वेगळी. मंडळं ती वसूल करू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलं. दंड हा शिक्षेचा भाग, तर भरपाई बिघडलेलं पूर्ववत करण्यासाठी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं भरपाईचं सूत्र सरळ गुणाकाराचं आहे. ‘रेड’ (सर्वाधिक प्रदूषणकारी) कॅटेगरीच्या कारखान्याचा प्रदूषण निर्देशांक ८०, गुणिले उल्लंघनाचे दिवस, गुणिले साधारण २५० रुपये, गुणिले उद्योगाच्या आकाराचा गुणक (मोठ्याला दीड), गुणिले ठिकाणाचा गुणक (दहा लाखांहून कमी वस्तीला एक). म्हणजे छोट्या शहरालगतच्या मोठ्या रेड कारखान्याला दिवसाला ३० हजार रुपये. महिनाभर चाललं तर नऊ लाख. आता हा आकडा सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा, म्हणजे ईटीपी, चालवायच्या महिन्याच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. यंत्रणा बंद ठेवून वीज आणि रसायनांवर वाचतं ते जास्त भरलं, तर रात्री सांडपाणी नाल्यात सोडणं हाच स्वस्त मार्ग ठरतो. माझ्या मते खरी गोम इथे आहे. कैद गेली की राहिली, हा त्यापुढचा प्रश्न.

‘मोठ्या बिल्डरला कोण हात लावतं?’ असंही विचारलं जातं. त्यांनी पुण्यातल्या गोयल गंगा या बिल्डरच्या प्रकरणाचा निकाल वाचावा. पर्यावरण मंजुरी ५५२ सदनिकांची, बांधल्या ८०७. इमारती पाडल्या तर सदनिका घेतलेली निर्दोष माणसं उघड्यावर येणार, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या पाडायला न लावता १०० कोटी किंवा प्रकल्पखर्चाच्या १० टक्के, यातली मोठी रक्कम भरायला लावली. पण प्रकल्पखर्चाऐवजी उलाढाल बघून आकडा लावणं प्रत्येक वेळी टिकत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने जळगावच्या एका रसायन उद्योगाला केलेला २५ कोटींचा दंड याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केला. उलाढालीचा आणि दंडाच्या रकमेचा संबंध नाही, असं म्हणत. मापाचा वाद असा चालूच आहे.

दंड फक्त खासगी उद्योगांना होतो, हाही गैरसमजच. सप्टेंबर २०२२ मध्ये लवादाने सांडपाणी आणि घनकचऱ्याच्या हलगर्जीपणाबद्दल खुद्द महाराष्ट्र सरकारला सुमारे १२ हजार कोटींची भरपाई ठोठावली. ती सरकारी तिजोरीत मिसळायची नव्हती. स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच कामांवर, म्हणजे सांडपाणी प्रकल्प उभे करण्यावर आणि साठलेल्या कचऱ्याचे डोंगर उपसण्यावर खर्च करायची होती. अर्थात सरकारने भरायचे ते पैसे शेवटी करदात्याचेच.