नकाशासाठी संगणक घेताना

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. एवढ्या रानाचा नकाशा करायला महागडा संगणक लागत नाही. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप पुरतो. नकाशे करायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस तर फुकटच. कंजुषी करू नये ती हातातल्या जीपीएसवर. पेन्सिल सेलवर चालणारा घ्या, रानात चार्जर कुठे लावणार? दाट बांबूखाली तोही काही मीटर चुकतो, म्हणून सीमेच्या दगडापाशी जरा थांबून नोंद घ्यावी. आणि हो, चंद्रपूर-गडचिरोलीसाठी त्यात यूटीएम या सहनिर्देशक पद्धतीतला झोन ४४ उत्तर निवडा. पुण्या-मुंबईच्या फाइलींतला ४३ तसाच राहिला, तर मेंढ्याचं जंगल नकाशावर नाशिक जिल्ह्यात उगवतं.