कमांड लाइनवरून विशिष्ट फाइलींच्या डिस्क-जागेचे मापन : ग्रंथालयीन संग्रहाच्या संदर्भात

महाविद्यालयीन ग्रंथालयात दुर्मिळ ग्रंथांचे स्कॅनिंग होते, तेव्हा एकाच फोल्डरमध्ये टिफ प्रतिमा, पीडीएफ व मजकुराच्या फाइली साठत जातात. त्यांपैकी केवळ टिफ प्रतिमांनी किती जागा व्यापली, हे कळल्याखेरीज नव्या डिस्कची मागणी आधारपूर्वक करता येत नाही. प्रस्तुत लेखात लिनक्समधील 'डीयू' या आज्ञेच्या साहाय्याने हे मापन कसे करावे, याचे विवेचन केले आहे. ही आज्ञा युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीपासून प्रचलित आहे.

फाइलीचा आकार आणि तिने डिस्कवर अडविलेली जागा या दोन भिन्न राशी होत. यूनिकोडनुसार 'शाहूपुरी' या शब्दात ८ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे एवढाच शब्द असलेली फाइल २४ बाइटची ठरते. परंतु ईएक्सटी-४ ही फाइल-व्यवस्था सामान्यतः ४०९६ बाइटच्या ठोकळ्यांनी जागा देते, त्यामुळे डिस्कवर ४०९६ बाइट अडतात. शाहूपुरीतील गुळाच्या व्यापाऱ्यास हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. मालाचे वजन निराळे आणि गोदामातील जागा निराळी. 'एलएस'ची दीर्घ यादी पहिली राशी दाखविते, 'डीयू' दुसरी. डिस्क खरेदीसाठी दुसरीच ग्राह्य धरावी.

एकाच फोल्डरमधील टिफ फाइलींसाठी 'डीयू'ला 'सी' (एकूण बेरीज) व 'एच' (सुवाच्य एकके) हे पर्याय देऊन पुढे तारका, बिंदू व 'टिफ' असा नमुना लिहावा. मात्र या नमुन्यात उपफोल्डर येत नाहीत. त्यासाठी 'फाइंड'ने फाइली शोधून त्यांची यादी 'एक्सआर्ग्ज'मार्फत 'डीयू'कडे देण्याचा प्रघात आहे. मोठ्या संग्रहात फसगत होते ती येथेच. यादी सुमारे १२८ किलोबाइटहून लांब झाली, की 'एक्सआर्ग्ज' तिचे तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्याची बेरीज स्वतंत्र छापली जाते आणि शेवटचा आकडा केवळ शेवटच्या तुकड्याचा असतो. फाइलींची नावे मराठीत असल्यास ही मर्यादा अधिकच लवकर गाठली जाते. म्हणून 'फाइंड'चा 'प्रिंट-झिरो' आणि जीएनयू 'डीयू'चा 'फाइल्स-झिरो-फ्रॉम' हे पर्याय जोडीने वापरणे श्रेयस्कर. त्यात बेरीज एकच येते, शिवाय नावांतील मोकळ्या जागांचाही अडथळा होत नाही.

काही स्कॅनर फाइलीचे विस्तारनाम मोठ्या इंग्रजी लिपीत लिहितात. अशा फाइली सुटू नयेत यासाठी 'नेम'ऐवजी 'आय-नेम' हा पर्याय योजावा.