चुंबकाला दोष देण्याआधी

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी ग्रिड कोलमडली, मुंबईतल्या लोकल जागच्या जागी थांबल्या आणि अनेक इमारतींची मदार जनरेटरवर आली. परळमध्ये 1926 पासून केईएम आणि 1941 पासून टाटा मेमोरियल रुग्णालय उभे आहे. लालबाग-परळच्या अनेक गिरण्यांच्या जागी आता उंच टॉवर आहेत. अशा भागात जनरेटरचे इंजिन सुरू होणे पुरेसे नाही. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असते आणि व्होल्टमीटरचा काटा मात्र शून्याजवळच राहतो, अशी वेळ येते. तेव्हा ‘चुंबकत्व गेले, बॅटरी लावा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे.

साध्या जनरेटरच्या एक्सायटरमधील, म्हणजे मुख्य यंत्राला चुंबकत्व पुरवणाऱ्या भागातील, लोखंडात किंचित चुंबकत्व उरलेले असते. त्याच्याच आधाराने यंत्र स्वतःचे व्होल्टेज उभारते. हे तत्त्व 1866-67 च्या सुमारास वेर्नर सीमेन्स आणि इतरांनी मांडले. यंत्र फार दिवस बंद राहिले की हा अंश पुसट होतो. मग व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरच्या तारा सोडवून, धन-ऋण नीट पाहून, एक्सायटरच्या फील्डला (चुंबकत्व निर्माण करणाऱ्या गुंडाळीला) 12 व्होल्टची बॅटरी काही क्षण लावली की तो परत येतो. कायम चुंबकाच्या एक्सायटरची गोष्ट वेगळी. त्याच शाफ्टवरचा हा छोटा, चुंबकाचा जनरेटर रेग्युलेटरला स्वतंत्र वीज पुरवतो. त्यामुळे लिफ्टची मोटर सुरू होताना मुख्य व्होल्टेज खाली आले तरी फील्डचा पुरवठा टिकतो. मात्र अतिउष्णतेने त्याचा चुंबक दुबळा झाला तर फील्डला लावलेली बॅटरी तिथवर पोहोचतच नाही. चुंबक पुन्हा भारायला कॅपॅसिटरमधून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडणारे मॅग्नेटायझर यंत्र लागते, नाहीतर चुंबकाचा रोटर बदलावा लागतो.

कोणी म्हणेल, ‘बॅटरी लावल्यावर वीज आली, मग झाले ना काम?’ त्यातून मुख्य वाइंडिंग आणि फिरते डायोड शाबूत आहेत एवढेच सिद्ध होते. बॅटरी काढताच वीज गेली, तर दोष चुंबकाच्या जनरेटरात, रेग्युलेटरमध्ये किंवा मधल्या तारांत आहे. म्हणून पूर्ण वेगाने फिरवून, तारा सोडवून चुंबकाच्या जनरेटरचे व्होल्टेज मोजावे आणि उत्पादकाच्या आकड्याशी ताडावे. आकडा जुळला तर चुंबक निर्दोष. ‘सगळे यंत्रच बदला’ म्हणणाऱ्यांनीही हे मोजमाप आधी करावे. नाहीतर एका रेग्युलेटरपायी चांगले यंत्र भंगारात जाईल. प्रत्येक सोसायटीने आणि रुग्णालयाने जनरेटरची चाचणी लोड देऊनच घ्यावी आणि चुंबकाच्या जनरेटरचे व्होल्टेज नोंदवहीत लिहून ठेवावे.