खोट्या पैशाचे पाऊसगाणे

सोलापूर, प्रतिनिधी : मृग नक्षत्र लागले की अंगणवाड्यांतून आणि चाळींच्या अंगणांतून ‘येरे येरे पावसा’ हे बालगीत हमखास ऐकू येते. मुलांना ते कोणी शिकविले, हे विचारण्यात अर्थ नाही; बहुधा आजीने. या गीताचा कर्ता अज्ञात असून ते मौखिक परंपरेनेच चालत आले आहे. तथापि त्याच्या आशयाकडे बारकाईने पाहिल्यास त्याच्या कुळाचा काहीसा माग लागतो.

गीतातील मूल पावसाला पैसा देऊ करते. तो खोटा निघतो, पाऊस मात्र जोराचा येतो. पुढे तेच मूल आपले मडके भरण्यासाठी सरीला बोलाविते, तर धावत आलेली सर मडकेच वाहून नेते. दोन्ही वेळा सौदा फसतो आणि दोन्ही वेळा पाऊस येतो.

यातील खोट्या पैशाचा उल्लेख आज गमतीचा वाटतो. एके काळी तो रोजच्या बाजारातील अनुभव होता. मराठेशाहीत अनेक टांकसाळींची नाणी एकाच वेळी चलनात असत. त्यांचे वजन सारखे नसे, कसही सारखा नसे. नाणी पारखण्याचे काम पोतदाराकडे असे. आज अनेक घराण्यांचे ते आडनाव आहे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकसारखे नाणे लागू केले, तरी तांब्याची शिवराई त्यानंतरही कित्येक वर्षे लोकांच्या हाती खेळत होती. पैसा तेव्हा रुपयाचा ६४ वा भाग होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली आणि तो १०० वा भाग झाला. पुढे ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालील नाणी चलनातून बाद झाली. मुले पावसाला देऊ करतात तो पैसा अशा रीतीने सरकारी हुकमानेच खोटा ठरला!

गीताचे खरे नाते मात्र नाण्यापेक्षा पर्जन्ययाचनेच्या विधींशी अधिक जवळचे दिसते. सोलापूर आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून पावसाने ओढ दिली की ‘धोंडी’ निघते. कडुनिंबाचा पाला अंगाला गुंडाळलेला मुलगा आणि काठीला किंवा मुसळाला बांधलेला बेडूक घेऊन पोरे दारोदार पाणी मागत फिरतात. घरची बाई त्यांच्यावर घागरभर पाणी ओतते, पदरात धान्य घालते. येथेही काही द्यायचे आणि त्याबदल्यात पाऊस मागायचा, हीच रीत आहे. फरक इतकाच, की धोंडीत गाव गंभीर असते. बालगीतात त्याच देवघेवीची थट्टा होते.

या जिल्ह्यात ही थट्टा सोपी नाही. वार्षिक सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास. त्यातील मोठा वाटा सप्टेंबरचा, आणि रब्बीच्या ज्वारीची सारी भिस्त त्यावरच. श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत मकरसंक्रांतीच्या सुमारास भाकणूक होते, तेव्हा दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू कोणत्या धान्याला तोंड लावते, मूत्रविसर्जन करते की नाही, याकडे जमलेला समुदाय श्वास रोखून पाहतो. पाऊस अजून पाच महिने दूर असतो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला मडके वाहून जाण्याइतका पाऊस ही तक्रार वाटणे शक्यच नव्हते.

इंग्लंडमधील परंपरा नेमकी उलट. पावसाला घालवून देण्याचे मंत्रवजा गाणे म्हणण्याची तेथील मुलांची चाल जॉन ऑब्रे या लेखकाने १७ व्या शतकातच नोंदविली आहे. पावसाने आधीच भिजलेल्या त्या बेटावर हे स्वाभाविकच. इंग्रजी माध्यमाच्या बालवाड्यांतून तेच बालगीत आता सोलापूरच्या कोरड्या जूनमध्येही पाठ करून घेतले जाते. वर्गात पावसाला जायला सांगून आलेली मुले संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसून त्याला पैसा देऊ करतात.