लेन्स घालता? मग डोळ्यांतला ओलावा जपा

सकाळी लेन्स घातली तेव्हा डोळे अगदी छान होते, पण दुपारी तीन-चारच्या सुमारास ते चुरचुरू लागतात. आत कचरा गेल्यासारखे खुपते, मध्येच अंधूक दिसते आणि संध्याकाळपर्यंत कधी एकदा घरी जाऊन लेन्स काढते असे होऊन जाते. तुम्हालाही असे होत असेल तर लगेच महागडी नवी लेन्स घ्यायला धावू नका. बऱ्याचदा दोष एकट्या लेन्सचा नसतो. ती ज्या हवेत आणि ज्या सवयींसोबत घातली जाते, त्यांचाही असतो.

असे का होते?

आपल्या डोळ्यांवर अश्रूंचा पातळ थर असतो. त्यात चिकट द्रव, पाणी आणि सर्वात वर तेलाचा अंश असतो. हे तेल पापण्यांच्या कडांवरील ग्रंथींतून येते आणि पाणी उडून जाण्यापासून रोखते. लेन्स या थराच्या मधोमध बसते आणि त्याचे दोन भाग करते. त्यामुळे वरचा थर आणखी पातळ होतो व लवकर सुकतो. मऊ लेन्समध्ये स्वतःचेही पाणी असते. कोरड्या हवेत तेही कमी होऊ लागते.

त्यात स्क्रीनची भर पडते. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या मिटतो, पण कॉम्प्युटर किंवा मोबाइल बघताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. पापणी मिटली नाही तर अश्रू डोळ्यांवर पसरणार कसे?

आर. के. पुरमचा दिवस, डोळ्यांच्या नजरेतून

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये राहणाऱ्या नोकरदार स्त्रीचा दिवस बघा. वस्तीच्या एका अंगाला रिंग रोड, दुसऱ्या अंगाला आउटर रिंग रोड. दिवसभर ऑफिसातला एसी आणि समोर कॉम्प्युटर. मे-जूनमध्ये लू, तर ऑक्टोबरच्या अखेरीपासून धूर आणि धुके. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्यांना, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेची सवय असलेल्यांना हा फरक लगेच जाणवतो.

हवा मोजणारे दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीचे एक केंद्र आर. के. पुरममध्येच आहे. तिथला निर्देशांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर बघता येतो. आकडा 300 च्या वर म्हणजे हवा ‘अतिशय खराब’ आणि 400 च्या वर म्हणजे ‘गंभीर’. अशा दिवशी सरळ चष्मा लावा. धुळीचे बारीक कण लेन्सखाली अडकत नाहीत आणि डोळ्यांनाही आराम मिळतो.

काय कराल?

• दर 20 मिनिटांनी 20 फूट दूरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघा आणि काही वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडा.

• एसी, पंखा किंवा कारच्या ब्लोअरचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नका. स्क्रीन नजरेपेक्षा थोडी खाली ठेवा.

• लेन्सवर चालतील असे लिहिलेले, प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरा. काही प्रिझर्वेटिव्ह मऊ लेन्समध्ये शोषले जातात आणि डोळ्यांना त्रास देतात. लाली घालवणारे थेंब रोज वापरल्यास लाली उलट वाढू शकते.

• लेन्स काढल्यावर कोमट पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ कपडा बंद पापण्यांवर 5 ते 10 मिनिटे ठेवा. त्यामुळे तेलग्रंथी मोकळ्या होतात.

• आधी लेन्स घाला, मग मेकअप करा. काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावू नका, कारण तेलग्रंथींची तोंडे तिथेच असतात.

• सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी, तसेच रजोनिवृत्तीच्या काळात कोरडेपणा वाढतो. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

या चुका टाळा

लेन्स सुकली म्हणून ती नळाच्या किंवा बाटलीतील पाण्याने कधीही ओली करू नका. थुंकी तर मुळीच लावू नका. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. त्याचा संसर्ग बुबुळापर्यंत पोहोचला तर उपचार महिनोन्महिने चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते. म्हणूनच लेन्स घालून आंघोळ करणे किंवा पोहणेही नको. हात धुतल्यावर ते कोरडे करूनच लेन्सला स्पर्श करा.

डबीतले सोल्युशन रोज पूर्ण ओतून टाका, जुन्यात नवे मिसळू नका. डबी दर तीन महिन्यांनी बदला. थकवा आला म्हणून लेन्स घालूनच झोपण्याची सवय तर सर्वात घातक. त्यामुळे संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो.

डॉक्टरांकडे कधी जाल?

एवढे करूनही त्रास थांबला नाही तर नेत्रतज्ज्ञांकडून अश्रूंची तपासणी करून घ्या. कागदाची बारीक पट्टी पापणीत पाच मिनिटे ठेवून अश्रू किती येतात ते पाहिले जाते. त्यावरून रोज बदलायची लेन्स, वेगळ्या प्रकारची लेन्स की आधी कोरडेपणावर उपचार, हे ठरवता येते. लेन्सला कंटाळून लेसिक करण्याचा विचार असेल तरी ही तपासणी आधी करा, कारण त्या शस्त्रक्रियेनंतरही काही काळ डोळे कोरडे राहू शकतात.

पण डोळा दुखत असेल, लाल झाला असेल, उजेड सहन होत नसेल, चिपडे येत असतील किंवा लेन्स काढूनही धूसर दिसत असेल, तर तो नुसता कोरडेपणा समजू नका. लेन्स लगेच काढा, पुन्हा घालू नका आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. आर. के. पुरमपासून जवळच असलेल्या एम्सचे डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र 1967 पासून रुग्णांची सेवा करत आहे. जाताना काढलेली लेन्स आणि तिची डबी सोबत न्या, जंतू ओळखायला मदत होते.

पर्समध्ये लेन्सच्या डबीशेजारी चष्माही ठेवा. डोळ्यांनी सुट्टी मागितली की ती लगेच देता यायला हवी.