उंदराचा व्रण, माणसाचा अल्सर

पोटात आग पडते म्हणून ज्येष्ठमधाची काडी चघळणारी, शतावरी दुधातून घेणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. अशा औषधांचा गुण खरा की मानलेला, हे तपासायची रीत उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या डॉ. एल. एच. हिरानंदानी फार्मसी कॉलेजसारख्या ठिकाणी औषधशास्त्राच्या अभ्यासात येते.

त्यातली एक जुनी पद्धत हॅरी शे यांची, १९४५ सालची. पांढऱ्या उंदराला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात आणि भूल देऊन जठराचं आतड्याकडचं तोंड दोऱ्याने बांधतात. आम्ल आतच साठतं, अस्तराला जखमा होतात. काही तासांनी उंदराला मारून जठर उघडतात, व्रण मोजतात, आम्लाची तीव्रता पाहतात. एका गटाला वनस्पतीचा अर्क दिलेला असतो, एकाला नुसतं पाणी, एकाला ओमेप्राझोलसारखं सिद्ध औषध. प्राण्यांसाठीच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. जीव जाणार असेल तर प्रश्न तरी नेमका हवा.

तो नेमका नसतो, हीच अडचण. अर्क बहुधा जठर बांधण्याआधी पाजतात. म्हणजे मोजला जातो बचाव. रुग्ण मात्र जखम झाल्यावर येतो. शिवाय उंदराच्या जठराच्या पुढच्या भागात ग्रंथी नसतात आणि या पद्धतीत व्रण मुख्यतः तिथेच उठतात. माणसाच्या जठरात तो भागच नाही. आपले बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूमुळे किंवा ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. जीवाणूचा हा संबंध दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. दोऱ्याने बांधलेलं जठर त्या जीवाणूबद्दल काहीच सांगत नाही. तेव्हा उंदराचे व्रण घटले एवढ्यावर ‘अल्सरवर रामबाण’ असं छापणं चूक आहे.

ज्येष्ठमधाचं खरं मोल कळलं ते माणसांवर तपासल्यावर. १९४६ साली रेव्हर्स या डच डॉक्टरांनी त्याच्या अर्काने जठरव्रण भरल्याचं नोंदवलं. काही रुग्णांच्या अंगावर सूज आल्याचंही लिहिलं. ज्येष्ठमधातल्याच घटकापासून पुढे कार्बेनोक्सोलोन तयार झालं. त्याने जठरव्रण लवकर भरतात, हे रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये रुग्णांवरच्या चाचणीत दाखवलं. पण त्याने शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब वाढतो. कमी त्रासाची औषधं आली आणि ते मागे पडलं.

ज्येष्ठमध जास्त प्रमाणात, बरेच दिवस घेतला तर हाच त्रास होतो. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो रोज घेऊ नका. आणि शौचाला डांबरासारखं काळं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.