शेजारचे एल्डर आणि सिस्टरबाई

मिशनरी म्हटला की आमच्या पिढीच्या बडोदेकरासमोर एक ठराविक चित्र उभे राहते. लांब झगा, हातात पुस्तक आणि भोळ्याभाबड्या माणसास गाठण्याची घाई. मीही त्याच समजुतीत वाढलो. ती समजूत पार पुसली गेली असे मी म्हणणार नाही. परंतु २०१६ च्या फेब्रुवारीत फिजीमधील सुवा शहरी आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध अमेरिकन जोडप्याचा एक आठवडा मी जवळून पाहिला, आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही उभयता तिकडे गेलो ते चिरंजीवांमुळे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली आपल्या शहरात निघालेल्या बँक ऑफ बरोडाचे कामकाज १९६१ पासून फिजीतही चालते. तेथेच त्याची बदली झाली होती. शेजारचे बिऱ्हाड युटा प्रांतातील. दोघांचीही सत्तरी उलटलेली. ज्याला लोक मॉर्मन म्हणतात आणि ज्याची स्थापना १८३० साली न्यूयॉर्क राज्यात झाली, त्या पंथाची ही मंडळी. ह्या पंथात संसारातून मोकळी झालेली जोडपी काही महिन्यांसाठी, कधी वर्ष-दीड वर्षासाठी, नेमून दिलेल्या ठिकाणी सेवेस जातात. पगार नाही, खर्च आपल्या पदरचा. पुरुषास 'एल्डर' म्हणावयाचे, बाईस 'सिस्टर'. आमच्या सौ.नी त्याचे लगेच 'सिस्टरबाई' करून टाकले!

पहिल्या भेटीत सौ.नी रीतीप्रमाणे आल्याचा चहा पुढे केला, तो दोघांनी हात जोडून नाकारला. चहा, कॉफी, मद्य, तंबाखू, सारेच वर्ज्य! अमेरिकन माणूस आमच्याहून सोवळा निघालेला पाहून आम्ही चकित झालो. मग लिंबाच्या सरबतावर स्नेह जमला.

त्या आठवड्याची सुरुवात १५ तारखेस नेहमीसारखी झाली. सोमवारी एल्डर कचेरीत बसून तरुण मिशनऱ्यांच्या परवान्यांचे कागद आणि घरभाड्याच्या पावत्या लावीत होते. मंगळवारी दोघे त्या मुलांच्या खोल्या तपासावयास निघाली. अठरा-वीस वर्षांची पोरे घरापासून दूर राहणारी. त्यांच्या मोरीची अवस्था काय वर्णावी! सिस्टरबाई रागावून आल्या आणि रात्री त्यांच्याचसाठी पाव भाजीत बसल्या. बुधवारी त्यांच्या प्रार्थनामंदिरात पियानोची शिकवणी. मी मात्र ओट्यावर खुर्ची टाकून कालचेच वर्तमानपत्र पुन्हा वाचीत होतो.

गुरुवारी बातमी आली की टोंगावरून पुढे गेलेले 'विन्स्टन' वादळ उलटे फिरले आहे. एल्डर पाण्याचे कॅन जिन्यावरून वर नेत होते. मी एक उचलू लागलो, आणि मनात सलणारे एकदाचे बोलून टाकले.

"इतके कष्ट घेता, ते शेवटी लोकांना तुमच्या धर्मात ओढण्यासाठीच ना?"

ते रागावले नाहीत. कॅन खाली ठेवून म्हणाले, "कोणी आमच्याकडे यावे असे मला वाटते; लपवून काय उपयोग? पण तहानलेल्यास पाणी देताना ते विचारले, तर पाणी नासले."

उत्तराने माझे पूर्ण समाधान झाले नाही. वाटते त्याचा परिणाम आज ना उद्या होणारच, हा माझा मुद्दा मी मांडला, आणि त्यांनी तो ऐकून घेतला.

शनिवारी, २० तारखेस, संध्याकाळी सहापासून देशभर संचारबंदी लागली. वादळाचा खरा तडाखा व्हिती लेवू बेटाच्या ईशान्येस, राकीराकीच्या बाजूस बसला. दक्षिण गोलार्धात नोंदल्या गेलेल्या वादळांत ते सर्वांत प्रबळ ठरले. सुवा त्यामानाने बचावले. तरी पत्रे किंचाळत होते, दिवे गेले होते. शेजारची खिडकी फुटून पाणी शिरले, तेव्हा चिरंजीव दोघांना आमच्याकडे घेऊन आले. आम्ही सारे मधल्या बोळात गादी टाकून बसलो.

तेव्हा कळले की सिस्टरबाईंची धाकटी लेक तिकडे बाळंतपणाला टेकली होती, आणि फोन बंद पडला होता. पहिलीच खेप. आईने जवळ असावयास हवे होते. त्या एवढेच म्हणाल्या, "मी येथे येण्याचा हट्ट धरला होता." एल्डरांनी त्यांचा हात धरला, पण बोलले काही नाहीत. सौ.नी समई लावून रामरक्षा म्हटली. ती संपल्यावर सिस्टरबाईंनी मान खाली घालून आपली प्रार्थना म्हटली. त्या रात्री त्या बोळात कोणी कोणास बाटविले नाही.

सुवा येथील त्यांच्या मोठ्या मंदिराचे पुनःसमर्पण नेमके दुसऱ्या दिवशी, रविवारी होते. २००० साली त्याचे पहिले समर्पण झाले तेही देशात सत्तेचा उठाव चालू असताना, मोजक्या माणसांत. ह्या वेळीही समारंभ ठरल्या दिवशी झाला. परंतु महिनाभर त्याची वाट पाहणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना तो दिसला नाही. एल्डर दिवसभर उत्तरेकडच्या दोन मुलांचा फोन लावीत बसले. संध्याकाळी ती सुखरूप असल्याचा निरोप आला, तेव्हा त्यांनी प्रथम डोळे पुसले.

पुढे मदतीच्या पुड्या बांधण्याचे काम निघाले. मी आयुष्यभर कारकुनी केलेला. याद्या करावयास गेलो. तांदूळ, डबे, ताडपत्र्या. घेणाऱ्यांत मेथडिस्ट होते, हिंदू होते, मुसलमान होते. यादीत धर्माचा रकाना नव्हता, हे मी मुद्दाम पाहिले. त्या वादळात ४४ माणसे गेली आणि सुमारे साडेतीन लाख लोकांना त्याची झळ पोचली.

फोन सुरू झाला तेव्हा कळले की नात चार दिवसांची झाली आहे. सौ.नी शिरा केला. सिस्टरबाई खाता खाता रडत होत्या. त्या रडण्यात आनंद किती आणि हुकल्याची खंत किती, हे आम्ही विचारले नाही.

त्यांच्या पंथाशी माझे मतभेद आजही आहेत. परंतु वानप्रस्थावर व्याख्याने ऐकणारा मी, त्या वयात कोणाच्या उपयोगी पडण्याचा विचारही केला नव्हता. बडोद्यास परतल्यावर घराजवळच्या शाळेत जाऊन मुलांचे गणित घ्यावयास लागलो. आठवड्यातून तीन दिवस. खुर्ची ओट्यावरच आहे. बसावयास वेळ मात्र कमी मिळतो.